बेसबॉल कार्डे आणि खेळाडूचा स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली जुनी कार्डे जमविण्याचा छंद शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. ह्या छंदाविषयीचे लेखन बहुधा दुर्मिळता व किंमत ह्या दोन गोष्टींभोवतीच फिरते. इतिहासाच्या अभ्यासात मात्र ही कार्डे एका निराळ्या प्रश्नाची साधने ठरतात. कार्डावरील चेहरा खेळाडूचा. परंतु तो छापण्याचा व विकण्याचा अधिकार कोणाचा? १८८६ पासून १९६८ पर्यंत ह्या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, हे कार्डांवर जे छापले गेले त्यावरून आणि कित्येकदा जे छापले गेले नाही त्यावरूनही उलगडता येते.

कार्डांचा उगम तंबाखूच्या व्यापारात आहे. जेम्स बोन्सॅक याने १८८१ मध्ये सिगारेट वळण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले, त्यानंतर उत्पादन झपाट्याने वाढले आणि गिऱ्हाइकांसाठी कंपन्यांत चुरस लागली. पातळ पाकिटातील सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घालीत असत. त्याच तुकड्यावर चित्र छापून गिऱ्हाइकाला पुन्हा आपल्याकडे वळविण्याची युक्ती निघाली. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 'ओल्ड जज' सिगारेटींबरोबर १८८६ ते १८९० ह्या काळात शेकडो खेळाडूंची कार्डे काढली. त्यांची छायाचित्रे स्टुडिओत घेतलेली असत. चेंडू झेलण्याचा देखावा उभा करण्यासाठी तो दोऱ्याने टांगीत, आणि काही कार्डांवर तो दोरा स्पष्ट दिसतो. १८९० मध्ये प्रमुख कंपन्या 'अमेरिकन टोबॅको कंपनी'त विलीन झाल्या. चुरस संपली, तशी कार्डांची गरजही ओसरली.

ह्याच मक्तेदार कंपनीने १९०९ ते १९११ ह्या वर्षांत जो संच काढला, तो संग्राहकांत 'टी-२०६' ह्या नावाने ओळखला जातो. सुमारे दीड इंच रुंदीची ही पांढऱ्या काठाची कार्डे रंगीत शिलामुद्रणाने छापलेली असून त्यांच्या पाठीवर 'पीडमाँट', 'स्वीट कॅपोरल' इत्यादी सिगारेटींच्या जाहिराती आहेत. संचातील कार्डांची संख्या पाचशेहून अधिक आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कार्ड होनस वॅग्नर ह्या पिट्सबर्ग संघाच्या खेळाडूचे. वॅग्नरने नॅशनल लीगमधील फलंदाजीचे अग्रस्थान आठ हंगामांत मिळविले होते, आणि १९३६ मध्ये बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'साठी निवडलेल्या पहिल्या पाच खेळाडूंत त्याचा समावेश झाला. एवढ्या लोकप्रिय खेळाडूचे कार्ड वस्तुतः विपुल मिळावयास हवे होते. त्याने नकार दिल्यामुळे छपाई थांबली आणि थोड्याच प्रती बाहेर पडल्या.

ह्या नकाराची दोन कारणे सांगितली जातात. लहान मुलांनी कार्डासाठी सिगारेटी विकत घेऊ नयेत अशी त्याची इच्छा होती, हे एक. त्याला पुरेसा मोबदला मिळाला नाही, हे दुसरे. काळाला जवळचा पुरावा म्हणजे 'द स्पोर्टिंग न्यूज' ह्या पत्राने १९१२ मध्ये दिलेली हकिकत. तीनुसार परवानगी मिळविण्याचे काम जॉन ग्रुबर ह्या पिट्सबर्गच्या क्रीडालेखकाकडे होते. सिगारेटच्या पाकिटात आपले चित्र नको, असे वॅग्नरने त्यास कळविले आणि त्याचे मानधन बुडू नये म्हणून दहा डॉलरचा धनादेशही सोबत पाठविला. स्वतःच्या खिशातून पैसे देणारा मनुष्य अधिक मोबदल्यासाठी अडून बसला होता, हे पटण्याजोगे नाही. परंतु मुलांच्या हिताचे कारणही ह्या हकिकतीतून सिद्ध होत नाही. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत असे, हेही विसरता येत नाही. पुराव्याने निश्चित होते ते इतकेच की, खेळाडूची संमती विचारली गेली आणि त्याचा नकार मानला गेला.

ह्या गोष्टीस कायद्याची पार्श्वभूमी होती. पिठाच्या जाहिरातीत आपले चित्र परवानगीवाचून छापले म्हणून एका मुलीच्या वतीने दाखल झालेला दावा न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने १९०२ मध्ये फेटाळला. त्यावर लोकक्षोभ झाला, आणि १९०३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने व्यापारासाठी कोणाचेही नाव वा चित्र वापरण्यास लेखी संमती आवश्यक ठरविली. हा हक्क मात्र केवळ 'नाही' म्हणण्याचा होता.

आणि 'नाही' म्हणण्यासाठीही आधी कोणीतरी विचारावे लागते. टी-२०६ संचात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही, कारण प्रमुख लीगांची दारे त्यांना बंद होती. ऑस्कर चार्लस्टनसारख्या थोर खेळाडूची त्या काळातील कार्डे सापडतात ती क्यूबात. १९२३-२४ च्या हंगामात तो तेथे खेळला होता. अमेरिकेच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला स्थान मिळाले ते १९७६ साली, मृत्यूनंतर. वॅग्नरच्या कार्डाची दुर्मिळता त्याच्या इच्छेतून आली. चार्लस्टनचे अमेरिकन कार्ड नसणे दुसऱ्यांच्या इच्छेतून. संग्राहकाला दोन्ही कार्डे दुर्मिळ वाटतात. इतिहासकाराने ह्या दोन अभावांत भेद केला पाहिजे.

नकाराचा हक्क हा मालमत्तेचा हक्क बनला तो च्युइंगगमच्या कंपन्यांमुळे. हेलन लॅबोरेटरीज ह्या कंपनीने खेळाडूंशी एकमेव परवान्याचे करार केले असता 'टॉप्स' कंपनीने त्यांतीलच काही खेळाडूंशी स्वतंत्र करार केले. १९५३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी निर्णय दिला की, आपल्या चित्राच्या प्रसिद्धिमूल्यावर व्यक्तीचा स्वतंत्र हक्क असतो व तो तिला दुसऱ्यास देता येतो. अमेरिकन कायद्यातील 'प्रसिद्धीचा हक्क' ह्या संकल्पनेचा आरंभ येथून मानतात. तरीही झगडा होता दोन कंपन्यांचा. खेळाडूंच्या पदरी ठराविक लहान रक्कमच पडत राहिली. १९६६ मध्ये मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला, आणि त्याच्या सल्ल्याने खेळाडूंनी टॉप्सच्या छायाचित्रकारापुढे उभे राहण्याचे नाकारले. १९६८ व १९६९ च्या संचांत जुनीच छायाचित्रे पुन्हा वापरलेली आढळतात, ती ह्याच बहिष्काराची खूण होय. अखेरीस वार्षिक रक्कम १२५ डॉलरवरून २५० झाली व विक्रीतील टक्केवारीही मान्य झाली. वॅग्नरने एकट्याने दिलेला नकार साठ वर्षांनी सामुदायिक झाला.

हा पुरावा टिकला तो संग्राहकांमुळे. सिरॅक्यूजचा जेफर्सन बर्डिक (१९००-१९६३) हा विद्युत्-सामग्रीच्या कारखान्यातील कामगार. संधिवाताने जर्जर झालेल्या ह्या मनुष्याने तीन लाखांहून अधिक कार्डे व अन्य छापील कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दिले आणि मृत्यूपूर्वी काही आठवड्यांपर्यंत ते स्वतः वह्यांत चिकटविले. 'टी-२०६' हे नावही त्याच्याच सूचीतले. त्या सूचीत वॅग्नरच्या कार्डाचे मूल्य ५० डॉलर होते; २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. ह्या किमतीतून वॅग्नरला वा त्याच्या सहकाऱ्यांना काही मिळाले नाही. बर्डिकने मात्र सामान्य व असामान्य, दोन्ही प्रकारची कार्डे सारख्याच काळजीने लावून ठेवली. त्या वह्यांत कोणाचे चेहरे आहेत, कोणाचे नाहीत आणि का नाहीत, हे आज विचारता येते, ते ह्या काळजीमुळेच.