गोधडीचा ताळेबंद

पुरुषाने गोधडी शिवावी की नाही, यावर आमच्या शाखेत दोन तट आहेत. आमचे हेडकॅशियर म्हणतात, शिवावी, पण सांगू नये. मी सांगून बसलो.

त्याचं असं झालं. वडील गेल्यावर वर्षभराने आईने त्यांचं कपाट उघडलं. आत नऊ हाफ शर्ट. कुणाला देऊन टाकावेत म्हटलं तर तिचा हात पुढे होईना. म्हणाली, ‘‘यांची छान गोधडी झाली असती रे. पण आता नेढ्यात दोरा ओवायला दिसत नाही.’’ आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या सह्या ताडून पाहणाऱ्या माणसाने पंचेचाळिसाव्या वर्षी सुई हातात घेतली ती अशी.

दोन उशांचे अभ्रे आणि स्वतःची तीन बोटं शिवून झाल्यावर अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीला माझी दया आली. तिने गोधडीचे आराखडे काढायचा एक प्रोग्राम पाठवला. नाव ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’. आईला वाटलं, थंडीत प्लग लावला की गरम होणारी गोधडी!

हा प्रोग्राम म्हणजे एका संसाराचं फळ आहे. ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन या गावचे डीन न्यूमन हे गणिताचे प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी पेनी मॅकमॉरिस गोधड्यांच्या इतिहासाच्या जाणकार. दोघांनी मिळून १९९१ साली पहिली आवृत्ती काढली. माझ्याकडे आली ती आठवी, २०१७ची. आमच्या घरात नवरा-बायकोने मिळून काढलेली गोष्ट म्हणजे गृहकर्ज.

त्याआधी अमेरिकेतल्या बायका नमुने मिळवत ते वर्तमानपत्रातून. ‘कॅन्सस सिटी स्टार’ने १९२८ पासून १९६१ पर्यंत गोधडीचे नमुने छापले आणि बायकांनी ते कापून जपून ठेवले. पुढे बार्बरा ब्रॅकमन या बाईंनी ठिकठिकाणचे चार हजारांवर नमुने गोळा करून १९९३ साली त्यांचा कोश केला. हे सगळं भांडार नंतर संगणकात गेलं. नमुन्यांची नावंही झकास. एकाचं नाव ‘उडते हंस’, एकाचं ‘दारुड्याची वाट’. ही दुसरी वाट माझ्या शिलाईने कोणताही नमुना न निवडताच धरली होती.

प्रोग्राम शिकणं सोपं आहे, असं बहीण म्हणाली. तिचं गणित पहिल्यापासून चांगलं. मी बी. कॉम., तेही सेकंड क्लास. पडद्यावर चौकोन काढायचे आणि त्यात रंग भरायचे इथवर ठीक होतं. पण शिंपी ज्याला ‘माया’ म्हणतात ते शिवणीत जाणारं कापड चहूबाजूंनी पाव इंच सोडावं लागतं, हे मी विसरलो. पडद्यावर सहा इंचांचा दिसलेला चौकोन शिवल्यावर साडेपाच इंचांचा झाला. अर्धा इंच कुठे गेला? बँकेत असता तर रात्री दहापर्यंत बसून शोधला असता. त्रिकोणांची तर बातच सोडा. तीन इंचांच्या चौकोनात दोन त्रिकोण बसवायचे, तर कापड कापायचं तीन पूर्णांक सात अष्टमांश इंचांचं! आपल्याकडे १९५७ साली आणे-पै जाऊन दशमान नाणी आली, त्याबद्दल मी त्या दिवशी सरकारचे मनोमन आभार मानले.

बाकी संगणक कापडात लुडबूड करतो म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. तो कापडाच्याच घरातला. १८०४ साली फ्रान्समधल्या लिओं शहरात जाकार नावाच्या गृहस्थाने रेशमाच्या मागाला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं जोडली. जिथे भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. कार्डं बदलली की नक्षी बदलली. जाकारचंच एक चित्र अशा सुमारे चोवीस हजार कार्डांवरून रेशमात विणलं गेलं आणि ते चार्ल्स बॅबेजने विकत घेतलं. आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी त्याने हीच कार्डं योजली. यंत्र काही पुरं झालं नाही, पण १८९० साली अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकाच्या कार्डांवर झाली. त्याची कंपनी पुढे जिच्यात मिसळली, ती म्हणजे आजची आयबीएम.

लिओंचे विणकर मात्र या मागावर खवळले. आपलं पोट जाणार, ही धास्ती.

हे वाचताना मला वडील दिसले. तेही बँकेतले. आमच्याच. संगणक येणार म्हणून बँकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा हे पुढच्या रांगेत घोषणा देत होते. १९८३ साली संघटनांशी करार झाला. मग जी यंत्रं आली त्यांना संगणक म्हणायचंच नाही, ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ म्हणायचं, असा तोडगा निघाला. सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘मुलांची आजी’ म्हणावं, तसंच हे! वडील पुढे त्या यंत्रावर एका बोटाने काम करून निवृत्त झाले. शेवटपर्यंत म्हणायचे, ‘‘पोरांचं पोट मारणार हे.’’ पोर त्याच संगणकासमोर बसून पगार घेतो, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

तर या प्रोग्रामात आपल्या कापडाचे फोटो घालता येतात. मी एका रविवारी नऊही शर्ट गादीवर पसरले, फोटो काढले आणि वडिलांना एकेक करून संगणकात भरलं. नऊ शर्ट, नऊ चौकोन. आई चष्मा सावरत शेजारी येऊन बसली.

‘‘तो चौकडीचा मधे घे. मोर्चाला तोच घालायचे.’’

घेतला. प्रोग्रामच्या हिशेबात कापडाची रुंदी बेचाळीस इंच होती. दुकानातल्या ताग्याची असावी. मी टेप घेतली, शर्टाची पाठ मोजली, कॉलरखालचं विरलेलं सोडलं आणि एकोणीस लिहिले.

‘‘आणि खिसा उसवू नकोस,’’ आई म्हणाली. ‘‘पेनाचा डाग आहे त्याला. राहू दे तसाच.’’

प्रोग्रामात खिसा कुठून घालायचा ते मला अजून सापडलेलं नाही. बहिणीला विचारलंय.