कलम ३५२ मधली फट

कायद्याच्या वर्गात कलम ३५२ शिकवायची वेळ आली की मी मुलांपुढे आधी १९७५ सालचा मजकूर ठेवत असे. आज छापलेलं कलम वाचून आणीबाणी कशी लादता आली हे उमगत नाही. तेव्हा युद्ध आणि परकीय आक्रमण यांच्या जोडीला ‘अंतर्गत अशांतता’ एवढं कारण पुरत होतं आणि मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याची अट नव्हती. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

धोका आधी कुणाला दिसलाच नव्हता असं नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी जर्मनीच्या वायमार संविधानाचा दाखला दिला होता. तिथलं कलम ४८ अध्यक्षाला नागरिकांचे हक्क तहकूब करू देत होतं. १९३३ मध्ये संसद भवनाला आग लागली आणि हिटलरच्या सरकारनं दुसऱ्याच दिवशी ते वापरलं. कामतांचं म्हणणं सभेनं मानलं नाही. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तेव्हा सभेला मजबूत केंद्र हवंसं वाटणं मी समजू शकतो. पण कलम ३५९ मात्र मला आजही पटत नाही. त्यानं हक्क कागदावर ठेवले आणि त्यासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद करता येईल अशी सोय केली.

त्याचा अर्थ एप्रिल १९७६ मध्ये दिसला. विनाचौकशी डांबलेल्यांचे हेबियस कॉर्पस अर्ज ऐकता येतात, असं मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी ते फिरवलं. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, याचं दुःख मला आहे. एकटे हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले, आणि पुढं सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ‘सशस्त्र उठाव’ असा शब्द घातला, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. त्याच दुरुस्तीत विनाचौकशी स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारा भागही होता. तो लागू करण्याची तारीख केंद्र सरकारनं ठरवायची होती. संसदेनं मंजूर केलेला तो भाग एकाही सरकारनं अजून लागू केलेला नाही.