जुंटो

बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) याने १७२७ साली फिलाडेल्फियात काढलेले अभ्यासमंडळ. शुक्रवारी संध्याकाळी भरणाऱ्या या बैठकीला छापखान्यातले कामगार, काचकाम करणारा थॉमस गॉडफ्री, मूळचा चांभार असलेला विल्यम पार्सन्स, एक भूमापक, एक सुतार असे कष्टकरी लोक येत. प्रत्येकाने आळीपाळीने नीती, राजकारण किंवा निसर्गविज्ञानावर प्रश्न मांडायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध वाचायचा. प्रश्न आठवडाभर आधी कळत, त्यामुळे सभासद वाचून येत.

नव्या सभासदाला आधी विचारले जाई : धर्म किंवा धंदा न पाहता तुझे माणसांवर प्रेम आहे का? केवळ मतासाठी वा उपासनापद्धतीसाठी कोणाला इजा व्हावी असे तुला वाटते का? पुढे आणखी एक नियम आला. ठासून विधान करणे आणि समोरच्याचे बोलणे थेट खोडून काढणे यांवर बंदी घातली गेली. ती मोडणाऱ्याला किरकोळ दंड होई.

या नियमाने वादाचे विषय आवळले नाहीत, बोलण्याची रीत तेवढी बांधली. त्याचे खरे मोल इथेच आहे. कागदी चलन वाढवावे की नाही, हा त्या काळी श्रीमंत आणि सामान्यांत तेढ पाडणारा प्रश्न होता. जुंटोत त्यावर खल झाला आणि त्यातूनच फ्रँकलिनची १७२९ची चलनविषयक पुस्तिका निघाली. गॉडफ्री मात्र टिकला नाही. स्वतःच्या बळावर गणित शिकलेला हा माणूस प्रत्येक वाक्यात काटेकोरपणा मागे, क्षुल्लक मुद्द्यांवर हरकत घेई आणि संभाषण अडे, असे फ्रँकलिनने आत्मचरित्रात नोंदवले आहे. पुढे नौकानयनासाठी सुधारित कोनमापक बनवणारा बुद्धिमान सभासद मंडळाने गमावला, ही किंमत लहान म्हणता येत नाही.

प्रवेशाच्या प्रश्नांतले औदार्यही अपुरेच होते. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय या बैठकीबाहेरच राहिले. इतकेच नव्हे, तर खुद्द फ्रँकलिन चालवत असलेल्या वृत्तपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात.

सभासदांनी आपली पुस्तके एकत्र ठेवण्याचा प्रयोग केला, तो फसला. पण त्याच कल्पनेतून १७३१मध्ये वर्गणीचे ग्रंथालय उभे राहिले आणि ते आजही चालू आहे. मंडळाची संख्या बारापुढे नेण्यास फ्रँकलिनचा विरोध होता. प्रत्येकाने याच नियमांचे वेगळे उपमंडळ काढावे, जुंटोशी असलेले नाते मात्र उघड करू नये, असे त्याने सुचवले. अशी पाच-सहाच उपमंडळे उभी राहिली.