कृत्रिम गुडघा आणि आपली बैठक

पुरुषोत्तमनगरकडील शेतात निंदणी करणारी बाई कित्येक तास उकिडवी बसते. तिच्या झिजलेल्या गुडघ्याचा विचार कृत्रिम सांध्याच्या इतिहासात फार उशिरा आला. १८९० साली बर्लिनमध्ये ग्लुक ह्यांनी क्षयग्रस्त गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसविली. रोगाने ती टिकू दिली नाही. १९७४ साली न्यूयॉर्कच्या इन्सॉल ह्यांनी धातू व प्लॅस्टिकचा टिकाऊ सांधा सिद्ध केला. तो वाके मात्र जेमतेम काटकोनाइतका. खुर्चीवर बसणाऱ्यास तेवढे पुरे. आमच्या पंगतीस, पूजेस आणि, स्पष्ट बोलावयाचे तर, शौचास ते कसे पुरावे? वेदना जावी, पण जमीन दुरावावी, असा तो सौदा! पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती ह्यांनी ‘इंडस’ गुडघा रचिला, तो भारतीय हाडांचे माप आणि हीच बैठक ध्यानी धरून.