सेमाडोहच्या जंगलातली जगण्याची विद्या

२०१९ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण मेळघाटात आणून सोडण्यात आली. वन खात्याच्या कागदावर तिचं नाव ई-१. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे ती कुठं आहे हे कळत होतं. पण गावांच्या शेजारानं वाढलेली ही वाघीण मेळघाटातही वस्त्यांच्या कडेकडेनंच फिरू लागली. तिनं गुरं मारली, माणसांवर हल्ले केले, एकाचा जीव गेला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तिला बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात हलवलं.

एखाद्या हिंदी थरारपटाला लागतं ते सगळं या घटनेत आहे. जंगलात सापडलेली माणसं आणि त्यांच्या मागावरचं जनावर ही गोष्ट हिंदी पडद्यानं अनेकदा सांगितली आहे. २००५ चा ‘काल’, २०१४ चा सुंदरबनातला ‘रोअर’ ही त्यातली ठळक नावं. २०२१ ला अमित मसुरकरांचा ‘शेरनी’ आला, तेव्हा वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला पांढरकवड्याची अवनी आठवल्याशिवाय राहिली नाही. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ही टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात गोळीला बळी पडली होती. या तिन्ही चित्रपटांत ‘शेरनी’ सर्वांत खरा वाटतो. त्यात जंगलाशेजारच्या गावातल्या माणसांना बोलायला जागा आहे, वनरक्षकाच्या नोकरीतली पायपीट आहे.

तरीही पडद्यावर जो जगण्या-मरण्याचा प्रसंग दोन तासांत संपतो, तो मेळघाटातल्या सेमाडोहसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तिथं जगणं ही एक विद्या आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे.

परतवाड्याहून धारणीला जाणारा रस्ता घाट चढतो, उतरतो आणि सिपना नदीच्या काठी सेमाडोहला येतो. आज इथं पर्यटक संकुल आणि निसर्ग माहिती केंद्र आहे, म्हणून नाव लोकांना ठाऊक. गाव मात्र कोरकू आदिवासींचं, गवळ्यांचं. कोरकू भाषा मुंडा कुळातली. या कुळातल्या भाषांमध्ये सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी. डोंगरउतारावरची झाडं तोडायची, जाळायची आणि त्या राखेत कोदो-कुटकी पेरायची, अशी इथली जुनी शेती होती.

इंग्रज इथं आले ते आधी फौज घेऊन. आर्थर वेलस्लीनं २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई जिंकली आणि पुढच्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. वऱ्हाडचा कारभार त्यांच्या हाती आला तो १८५३ मध्ये, निजामाकडून. त्यानंतर नजर गेली ती सागवानावर. १८६६ च्या सुमारास मेळघाटचं जंगल राखीव करण्यात आलं. फिरत्या शेतीवर बंधनं आली, आणि त्याच वेळी लाकूडतोडीला, रस्त्यांना, वणवा विझवायला माणसं हवीच होती. मग जंगलात मजुरांच्या वस्त्या वसवल्या गेल्या. जंगलाचा धनी होता तो जंगलाचा मजूर झाला. मेळघाटच्या इतिहासातला हा सर्वांत दुखरा भाग आहे आणि तो अजून पुरता लिहिला गेलेला नाही.

पण जंगल ओळखणारे डोळे त्या मजुराचेच होते. साहेब शिकारीला निघो, लाकडाचा हिशेब करायला निघो की पुढं वाघ मोजायला; पुढं चालणारा कोरकूच असे. वाघाला तो ‘कुला’ म्हणतो, बरेचदा आदरानं ‘कुला मामा’. गावाच्या शिवेवर पूजा करून वाघाला बाहेर ठेवणं हे भूमकाचं, म्हणजे गावच्या पुजाऱ्याचं, काम मानलं जाई. शहरी माणसाला यात नुसती भाबडी श्रद्धा दिसेल. पण शीव कुठं संपते, तिच्यापलीकडे कोणत्या वेळी जायचं आणि कोणत्या वेळी नाही, याचं शिक्षण या पूजेतून नव्या पिढीला मिळत होतं.

या विद्येचा एक धडा जवळून पाहण्यासारखा आहे. भल्या पहाटे, गाडीवाटेवर बैलगाडी फिरण्याआधी, वाटाड्या धुळीत वाकून पाहतो. ठसा चौकोनात बसतो तो नराचा, लांबट आयतात बसतो तो मादीचा. कडा धारदार असतील तर जनावर नुकतंच गेलंय. ठशावरून रात्रीच्या किड्यांची बारीक रेघ गेली असेल, तर त्याला काही तास झाले. मग कान वर होतात. वानराचा खकारा, सांबराची एकच मोठी हाक, चितळांचं सावध होणं. कुठून आवाज येतो त्यावरून वाट बदलायची.

वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. मोहफुलांच्या दिवसांत बायका पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि त्याच वेळी अस्वलही तिथंच येतं. त्याची नजर अधू, खाली मान घालून फुलं खाण्यात ते गुंग. माणूस अचानक समोर आला की बिथरतं आणि थेट तोंडावर झेपावतं. म्हणून मोहाला जाताना मोठ्यानं बोलत, खाकरत जायचं. मेळघाटात लहान पोरालाही हे कळतं.

१ एप्रिल १९७३ ला देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. महाराष्ट्रातला तो पहिलाच. १९८७ मध्ये गुगामळ राष्ट्रीय उद्यान झालं. वाघांची गणती तेव्हा ठशांवरून होई: काच ठेवून ठसा रेखायचा, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणं बांधून रात्रभर प्राणी मोजायचे. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यानं याच मेळघाटात नोकरी केली, आणि जंगलाची किती तरी माहिती आपल्याला आदिवासी सोबत्यांकडून मिळाली हे त्यांनी मोकळेपणानं नोंदवलं. २००६ पासून देशभर कॅमेरा ट्रॅप आले. तरी कॅमेरा कोणत्या झाडाला बांधायचा, हे ठरवायला वाटाड्याच लागतो.

धोका नेहमी जनावराचाच असतो असं नाही. २०१३ मध्ये ढाकणा परिसरात शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी वाघ मारल्याचं उघड झालं. लोखंडी सापळे पानांखाली दडवलेले. मग मेळघाटात वन्यजीव गुन्ह्यांसाठी सायबर कक्ष उभा राहिला आणि मोबाइलच्या नोंदींवरून माणसं शोधली गेली. जमिनीवरचं काम मात्र वनरक्षकाचं आणि रोजंदारी मजुराचंच राहिलं. उन्हाळ्यात जाळरेषा आखायच्या, वणव्यावर पहारा करायचा. पावसाळ्यात सिपना, खापरा, गडगा फुगल्या, रस्ते तुटले, तरी पायी गस्त थांबत नाही.

दरम्यान व्याघ्र प्रकल्पातली गावं पुनर्वसनासाठी उठत गेली. बोरी, कोहा, कुंड ही आधी, मग आणखी. वाघासाठी मोकळी जागा हवी, हे खरं आहे. पण गाव उठतं तेव्हा त्या शिवेतल्या प्रत्येक ओढ्याची, गुहेची, पाणवठ्याची माहिती असणारी माणसंही अकोटच्या सपाटीवर जातात, आणि त्यांच्या नातवंडांना ठसा वाचायची गरज उरत नाही.

सेमाडोहला कुणी दिग्दर्शक कॅमेरा घेऊन आला, तर त्यानं नायक शहरातून आणू नये. गस्तीच्या रांगेत सर्वांत पुढं कोण चालतंय ते पाहावं आणि गोष्ट त्याला विचारावी. हे वाटाडे आज म्हातारे होत आहेत. त्यांचं ज्ञान कोरकूत आणि मराठीत लिहून घेण्याचं काम मात्र चित्रपटाची वाट न पाहता, आत्ताच सुरू व्हायला हवं.