हाताच्या मापाचे पिस्तूल

नाशिक आणि पिस्तूल हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला पाठ्यपुस्तकातला एकच प्रसंग आठवतो. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, विजयानंद नाट्यगृह, कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे. कान्हेरे यांच्या हातात ब्राउनिंग जातीचे पिस्तूल होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली होती, त्यांतलेच ते एक. या घटनेची राजकीय बाजू आपण वर्गात शिकवतोच. इथे आपल्याला त्या पिस्तुलाकडे केवळ एक यंत्र म्हणून पाहायचे आहे. ती वीसही पिस्तुले एकसारखी होती. हात मोठा असो की लहान, डावा असो की उजवा, ज्याच्या हाती ते पडेल त्यानेच त्याच्याशी जुळवून घ्यायचे.

आज त्याच नाशकात शाळकरी मुले-मुली नेमबाजीचा सराव करतात. त्यांतल्या एखाद्या चांगल्या नेमबाजाचे पिस्तूल पाहिले, तर त्याची लाकडी मूठ कानशीने घासून तिच्याच हाताच्या मापाची केलेली दिसते. मुठीचा कोन स्क्रूने बदलता येतो, चापाची जागा मागेपुढे करता येते. आधी माणसाने यंत्राशी जुळवून घ्यायचे होते, आता यंत्र माणसाशी जुळवून घेते. हा बदल कसा झाला, आणि तो कुठे अडवला गेला, हे पाहण्यासारखे आहे.

ब्राउनिंगची युक्ती

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याची मोठी युक्ती न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर उभी आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग मागच्या दिशेने पिस्तुलाला मिळतो. ब्राउनिंगने या धक्क्याला कामाला लावले. धक्क्याने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि एक स्प्रिंग दाबतो. स्प्रिंग पूर्ववत होताना नवे काडतूस नळीत ढकलते. त्याची पिस्तुले बेल्जियममधल्या कारखान्यात बनू लागली. त्यानेच आखलेले दुसरे एक पिस्तूल २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने स्वीकारले. हे दुसरे पिस्तूल लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

सगळा धक्का मात्र यंत्रात जिरत नाही. नळी हाताच्या वर असते, म्हणून मागे येणारे बल मनगटाभोवती पिस्तूल फिरवते आणि नळीचे तोंड वर उडते. नळी हातापासून जितकी उंच, तितके हे फिरणे जास्त. दारावर बिजागरीपासून लांब ढकलले तर ते सहज फिरते, तसेच हे.

दुसरी अडचण नेमाची. पिस्तुलावर पुढे एक काटा आणि मागे एक खाच असते. दोघांत ३० सेंटिमीटर अंतर धरू. काटा खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिलिमीटर सरकला, तर १० मीटरवर चूक किती? समरूप त्रिकोणांनी उत्तर येते: सुमारे ३३ मिलिमीटर. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो ११.५ मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने नेमबाज दहावरून थेट सहावर येतो. चाप ओढताना बोट जरासे तिरके लागले तरी इतकी चूक सहज होते. पिस्तूल हाताला बसवण्याची धडपड सुरू होते ती इथून.

मूठ कोणाची?

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून पिस्तुलाच्या स्पर्धा आहेत. सुरुवातीला सैनिकी हत्यारेही चालत. मग खास स्पर्धेसाठी पिस्तुले बनू लागली. ५० मीटरच्या 'फ्री पिस्तूल' प्रकारात तर बंधने फार थोडी होती. तिथे मूठ हातमोज्यासारखी पंजाभोवती वळवलेली असे. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये २०१६ साली रिओला शेवटचा खेळला गेला.

हात आणि यंत्र यांच्या नात्यावर सर्वांत बोलके उदाहरण हंगेरीच्या कारोली ताकाच याचे. तो सैन्यात होता. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा पंजा निकामी झाला, आणि नेम धरायचा तो हाच हात. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव सुरू केला. १९४८ साली लंडनला आणि १९५२ साली हेलसिंकीला २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात त्याने सुवर्णपदक मिळवले. कौशल्य बोटांपेक्षा डोके, डोळे आणि सवय यांत जास्त असते, हे यातून दिसते. पण उजव्या हाताची मूठ डाव्या हातात नीट बसत नाही, हेही तितकेच खरे. सगळे शिकणे नव्याने करायचे, तर साधनही नव्याने जुळवावे लागते.

नियमांची कुंपणे

साधन सुधारता सुधारता एक प्रश्न पुढे येतो. जिंकले कोण, नेमबाज की त्याचे पिस्तूल? १९५६ साली मेलबर्नला सोव्हिएत नेमबाजांनी एक विचित्र पिस्तूल आणले. ते जणू उलटे केलेले होते. नळी हाताच्या वर नसून जवळजवळ हाताच्याच रेषेत होती. वर सांगितलेला बिजागरीचा न्याय लावा: तरफेची लांबीच कमी झाली, त्यामुळे नळीचे तोंड फारसे उडेना. पुढची गोळी चटकन झाडता येई. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उत्तर अचूक होते, पण लवकरच नियम बदलले आणि अशा पिस्तुलाला बंदी आली.

तेव्हापासून पिस्तूल मापात बसवावे लागते, तेही अक्षरशः. स्पर्धेआधी एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत ठेवून पाहतात. वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. चाप ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने सुटता कामा नये, आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. याचा अर्थ सरळ आहे. मूठ तुमच्या हाताची असू द्या, पण हात स्थिर ठेवण्याचे काम तुम्हीच करा.

धावता नेम

याच प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर देणारा एक खेळ अमेरिकेत जन्मला. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेफ कूपर आणि त्याचे सहकारी स्पर्धा भरवत. उभे राहून सावकाश नेम धरण्याऐवजी कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढायचे, जागा बदलायची आणि वेळेत अनेक लक्ष्ये टिपायची. १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचा पहिला अध्यक्ष झाला. या खेळाला 'प्रॅक्टिकल शूटिंग' म्हणतात. अचूकता, शक्ती आणि वेग हे त्याचे ब्रीद. सुरुवातीच्या बहुतेकांच्या हातात ब्राउनिंगचे तेच १९११ चे पिस्तूल होते.

इथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. एकाने १० सेकंदांत ६० गुण मिळवले तर भागाकार ६. दुसऱ्याने ८ सेकंदांत ५४ मिळवले तर ६.७५. कमी गुण मिळवूनही दुसरा पुढे.

मग सगळे हलक्या गोळ्या वापरतील आणि धक्का टाळतील. त्यावर उपाय म्हणून गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार मोजतात. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, आणि गुणाकाराला १००० ने भागायचे. हा आकडा किमान १२५ हवा. आपल्या एककांत हा संवेग होतो सुमारे २.५ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ५५ किलोमीटर वेगाने येत असेल तर त्याचाही संवेग जवळपास इतकाच असतो. तो पंजात अडवताना काय होते ते विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

या संवेगाशी झगडण्यासाठी पिस्तूल आणि सरंजाम जुळवला जातो. पिस्तुलाचे वस्तुमान वाढवले की मागे येण्याचा वेग कमी होतो. हात मुठीवर जितका वर, तितकी तरफ आखूड. नळीच्या तोंडाशी वरच्या बाजूला छिद्रे पाडलेला तुकडा बसवतात. दारूचा वायू त्यातून वर उसळतो आणि प्रतिक्रियेने तोंड खाली दाबले जाते. इथेही तिसरा नियमच, फक्त या वेळी आपल्या बाजूने. काटा आणि खाच यांच्याऐवजी लाल ठिपका दाखवणारी काच बसवली की डोळ्याला एकाच गोष्टीकडे पाहावे लागते. कमरपट्ट्यावर म्यान आणि जादा मॅगझीन कुठे लावायची, हेही हाताच्या लांबीवरून ठरते. हात न शोधता जिथे पोहोचतो ती त्यांची जागा.

या खेळाने सुधारणांवर सरसकट बंदी घातली नाही, गट पाडले. सगळे चालेल असा एक गट आणि कारखान्यातून आले जवळजवळ तसेच पिस्तूल हवे असा दुसरा. सुरक्षिततेत मात्र सवलत नाही. धावताना नळीचे तोंड ठरवून दिलेल्या कोनाबाहेर गेले की स्पर्धक तिथल्या तिथे बाद होतो.

आपल्याकडे

भारतात हा खेळ फारसा रुजला नाही, याचे एक कारण कायदा आहे. जगभर या खेळात सर्वाधिक वापरले जाणारे ९ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे सामान्य नागरिकाला प्रतिबंधित गटात मोडते. त्यामुळे आपली मुले शिकतात ती प्रामुख्याने एअर पिस्तुलावर आणि .२२ वर. सरंजाम बसवण्याचे तत्त्व मात्र तेच राहते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले, तेही याच वाटेने.

चांगले साधनही दगा देते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या पिस्तुलाचा एक भाग ऐन फेरीत तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. तिनेच पुढे २०२४ साली पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली.

पॅरिसलाच ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. क्रीडा प्रबोधिनीतून तो नेमबाजीकडे वळला आणि नाशिकमध्ये घडला. त्याचे वडील शिक्षक. मुलाच्या सरावासाठी त्यांनी कर्ज काढल्याचे पदकानंतर वृत्तपत्रांत आले. खरी मेख इथे आहे. नियमांच्या पेटीत पिस्तुलाची लांबी मोजता येते, पण कोणाला मापाचे साधन मिळाले आणि कोणाला दुसऱ्याच्या हाताची मूठ धरून शिकावे लागले, हे ती पेटी मोजत नाही. सामायिक पिस्तुलावर शिकणाऱ्या मुलीची गोळी सतत डावीकडे जात असेल, तर दोष तिच्या एकाग्रतेचा की मुठीचा, हे आधी तपासायला हवे.

वर्गात करून पाहा

यासाठी पिस्तूल लागत नाही. एक छोटी टॉर्च घ्या. भिंतीवर खडूने खूण करा. विद्यार्थ्याने खुणेसमोर उभे राहून, डोळे मिटून टॉर्च धरलेला हात उचलायचा, मग डोळे उघडायचे. प्रकाशाचा ठिपका कुठे पडला त्याची नोंद करा. असे दहा वेळा. आता टॉर्चभोवती शाडूची माती लिंपून त्याच विद्यार्थ्याच्या मुठीचा ठसा घ्या. माती वाळली की पुन्हा दहा वेळा. ठिपक्यांचा पसारा कमी झाला का? आता तीच टॉर्च दुसऱ्या विद्यार्थ्याला द्या, एखाद्या डावखुऱ्याला तर जरूर द्या, आणि पसारा पुन्हा मोजा.

हा प्रयोग झाल्यावर आपल्या वर्गाकडे एकदा नजर टाकू या. पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना एकाच उंचीचे बाक, सगळ्यांना उजव्या हाताच्या कात्र्या. 'याचे अक्षर वाईट', 'हिला कापता येत नाही' असे शेरे मारण्याआधी आपण मूठ तपासली आहे का?