टोपी, जोडा आणि शेरवानी

तत्त्वज्ञानाच्या माणसानं कपड्यांवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण आपल्या जाफराबादच्या मुलखात डोक्यावर काय, पायात काय आणि अंगात काय, हा नुसता आवडीचा प्रश्न कधीच नव्हता. तो परवानगीचा प्रश्न होता. आज तेवढंच सांगायचं आहे.

आधी भूगोल बघा. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. शेजारचा बुलढाणा मात्र वऱ्हाडात, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे. म्हणजे जवळजवळची गावं, पण अंमल दोन.

आता टोपी. संस्थानात दरबारी माणसाची ओळख म्हणजे रुमी टोपी: तांबडी, नमद्याची, वर काळा गोंडा. तिची निगा घरी होत नसे. पावसात भिजली की आकार जायचा. मग कारागीर ती गरम केलेल्या पितळी साच्यावर चढवून दाबून द्यायचा. गंमत अशी की तुर्कस्तानात १८२९ साली सुलतानानं हीच टोपी आधुनिक म्हणून सक्तीची केली, आणि १९२५ साली केमाल पाशानं जुनाट म्हणून तिच्यावर बंदी घातली. टोपी तीच, अर्थ उलटा! वस्तूला स्वतःचा अर्थ नसतो. तो माणसं देतात, आणि बऱ्याचदा राज्यकर्ते देतात.

तिच्यासमोर १९२० च्या सुमारास गांधी टोपी आली. ती पांढरीच का, याचं कारण गांधीजींनी आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांना सांगितलं होतं. आपला देश उष्ण. रंगीत टोपीत घाम आणि मळ लपतो, पांढरीत दिसतो, म्हणून ती धुवावीच लागते. शिवाय घडी करून खिशात मावते. म्हणजे कारागीर नको, साचा नको. बादलीभर पाणी आणि थोडी खळ पुरे. निगा आपल्या हातात आली. सत्तेला ते खुपलं. मे १९३० मध्ये शेजारच्या सोलापुरात लष्करी कायदा लागला, तेव्हा लोकांच्या डोक्यावरच्या गांधी टोप्या उतरवल्या गेल्या. दीड वीत कापडाची सरकारला एवढी भीती!

आता अंगातली शेरवानी. हिला मुसलमानी पोशाख म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण खरं नाही. हैदराबादचे पंतप्रधान राहिलेले महाराजा किशन प्रसाद शेरवानीच घालत. तिकडे दिल्लीत पंडित नेहरूंच्या अंगात तिचीच बहीण, अचकन. लोक ज्याला नेहरू जाकीट म्हणतात, त्याची बंद गळपट्टी तिथूनच आली. आपल्या औरंगाबादचं हिमरू शेरवानीसाठी नावाजलेलं: ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. ते पाण्यात घालायचं नाही. सावलीत वारा द्यायचा, कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवायचं, आणि अधूनमधून घडी बदलायची, नाहीतर घडीवर कापड चिरतं.

टोपी आणि शेरवानीत परवानगी देणारं होतं सरकार. पायातल्या जोड्याला मात्र गाव परवानगी द्यायचं, आणि गाव सरकारपेक्षा कडक.

चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात मुरवायचं, ते कमावणारे हात कुणाचे? जोडा शिवणारे कुणाचे? आणि त्याच माणसांनी, दलितांनी, पाटलाच्या वाड्यावरून जाताना तो पायातून काढून हातात घ्यायचा, असा कित्येक गावांचा रिवाज. तेल लावून मऊ केलेला, उन्हात न ठेवता जपलेला जोडा, आणि तो पायात घालायची चोरी! 'जोडे झिजवणे' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. ज्यांना जोडे झिजवायचीही मुभा नव्हती, त्यांचं काय?

म्हणून बाबासाहेबांचा सूट मला वेषभूषेचा नव्हे, नीतिशास्त्राचा विषय वाटतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडं कसं नेसावं हे सांगितलं, ते याचसाठी. जातीची खूण आधी अंगावरून उतरवा, असा त्याचा अर्थ. पुढे १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरं तिथं शिकली. इस्त्रीचा सदरा आणि पॉलिश केलेला बूट त्यांना चैन म्हणून नको होता. मान खाली न घालता चालण्याचा तो भाग होता.

काही जण म्हणतील, सर, हे सगळं जुनं झालं. तसं पूर्ण झालेलं नाही. दलित नवरदेवाला वरातीत घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या देशात अजूनही अधूनमधून येतात. म्हणजे परवानगी मागणारं गाव अजून संपलेलं नाही.

आता लग्नातली शेरवानी एका दिवसाच्या भाड्यानं मिळते. सोय आहे, नावं ठेवत नाही. पण जे आपल्याकडे राहत नाही, त्याची निगा राखायची वेळ येत नाही, आणि त्याचा इतिहासही विचारला जात नाही. तेव्हा घरातली जुनी ट्रंक उघडा. टोपी निघाली तर धुवा, हिमरू निघालं तर घडी बदला, जोडा निघाला तर तेल लावा. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: हे कोण घालायचं, आणि गावात कुणाला घालू देत नव्हते? उत्तराला वेळ लागेल. थांबा, पण विचारा.